पात्यावरची माती

अकरावं पातंही गेलं.

आवाज फार मोठा नव्हता. टिण्. पातळ वाटीवर नखानं टिचकी मारावी, तेवढाच. पण फेंगांच्या घरात तो आवाज आता सगळ्यांना ओळखता यायचा. परसात मोहरीच्या पाल्याला मीठ चोळत बसलेल्या सुलानचे हात थांबले. समोर बसलेल्या थोरल्या जावेचे, छुनमेईचेही थांबले. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. भट्टीच्या खोपटातला भाता बंद पडला.

मग सुलानचा नवरा युंगपिंग बाहेर आला. सांडशीत ते लांबलचक पातं, अजून वाफाळणारं. टोकापासून दोन वीत वर, धारेपासून पाठीपर्यंत केसाएवढी रेघ गेली होती. त्यानं ते भिंतीशी, आधीच्या दहांच्या शेजारी उभं केलं. हळूच, कोणाची झोप मोडू नये तसं.

"मामंजी काय म्हणाले?" सुलाननं विचारलं.

"सगळ्यांना माजघरात बोलावलंय," तो म्हणाला. "आत्यालाही."

आत्याला बोलावलंय म्हणजे प्रकरण हातापलीकडे गेलंय, हे छुनमेईला लगेच कळलं. ती पदराला हात पुसत उठली आणि पुटपुटली, "थांगांच्या घरीसुद्धा आदल्या दिवशी सगळ्यांना असंच बोलावलं होतं."

थांग म्हणजे गल्लीच्या टोकाचे लोहार. गेल्या महिन्यात त्यांनी अशाच कामापुढे हात टेकले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कर्त्या पुरुषाला दोरी बांधून उत्तरेच्या सरहद्दीवर धाडलं, बायकापोरांना छावणीच्या कामाला जुंपलं आणि दारावर सरकारी कागदाच्या दोन पट्ट्या आडव्या-उभ्या चिकटवल्या. त्या दारावरून सुलान रोज पाण्याला जायची. जाताना दुसऱ्या बाजूला बघायची.

माजघरात पूर्वजांच्या नावांच्या पाट्यांखाली जे मेज होतं, त्यावर निळ्या फडक्यात ती तलवार ठेवलेली होती. पहिल्या महिन्यात छावणीचे नायब लियाओ स्वतः येऊन ठेवून गेले होते. समुद्री चाच्यांकडून हाती लागलेली, जपानी बनावटीची. एकाच अंगाला धार, पाठ किंचित वाकलेली, मूठ दोन्ही हातांनी धरायची. नायबांनी तेव्हा हात न हलवता, आवाज न चढवता सांगितलं होतं, "यांच्या एका घावात आमच्या भाल्याचे दांडे मोडतात. माणूस दांड्यामागेच उभा असतो. मला हिच्यासारखं, हिच्याहून हातभर लांब पातं हवंय. तिसरा महिना संपायच्या आत एक दाखवा. एक जमलं की शंभर जमतील."

आता तिसरा महिना संपायला दोन दिवस उरले होते.

म्हातारे फेंग शोउरेन खुर्चीत बसले होते. सहासष्ट वर्षांचे. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते. रिकामे हात घेऊन बसलेलं त्यांना कोणी कधी पाहिलं नव्हतं. थोरला मुलगा युंगछांग येरझाऱ्या घालत होता. आत्याबाई, म्हाताऱ्यांची थोरली बहीण, काठी टेकत आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मला सांगा, रडायला बोलावलंय की जेवायला? रडायचं असेल तर मी आधी खाऊन घेते."

युंगछांगच्या येरझाऱ्या चालूच राहिल्या.

"एक पातं उरलंय," म्हातारे म्हणाले. "घडवलेलं, पाणी न दिलेलं. त्यानंतर पोलाद संपलं. हातभर सुरी असती तर डोळे मिटून पाणी दिलं असतं. माझ्या आज्यानं विळे केले, बापानं सुऱ्या केल्या, एकाला तडा गेला नाही. पण हे एवढं लांब धूड पाण्यात घातलं की फुटतं. तेलात घातलं की मऊ राहतं, गुडघ्यावर वाकतं. मला येत नाही. हे मी आता बोलून टाकतो. परवा मी स्वतः छावणीत जाईन. मला न्या म्हणेन."

"आणि ते तेवढ्यावर सोडतील?" युंगछांग थांबला. "बाबा, थांगांच्या सुनेला काय झालं ते ऐकलं नाही तुम्ही. आपण आज निघू. माझ्या ओळखीचा मासेवाला आहे, होडी—"

"होडी?" छुनमेईचा आवाज एकदम चढला. "समुद्रावर? या दिवसांत? वारा कुठला वाहतोय ते बघा तरी! चाचे याच वाऱ्यावर येतात. मी समुद्राकडे तोंड करून मरणार नाही."

"मग डोंगरात जाऊ."

"कारागिराच्या नावाची सरकारी नोंद आहे तुझी," आत्याबाई म्हणाल्या. "डोंगरात गेलास तर पळपुटा. मग डोकंच जाईल. तुझं डोकं रिकामं असलं तरी खांद्यावर बरं दिसतं."

"आत्या, थट्टा पुरे!"

"थट्टा नाही रे. घाबरलेय मी. घाबरले की माझी जीभ सुटते, तुला माहीत आहे."

युंगपिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तापलेल्या पोलादाचा रंग बघून पाणी द्यायची नेमकी घडी ओळखणारी त्याची नजर म्हातारेही मानायचे. आज ती नजर जमिनीवर होती. "माझाच डोळा चुकतोय," तो म्हणाला. "अकरा वेळा."

सुलान सगळ्यांच्या मागे, पाण्याच्या रांजणापाशी उभी होती.  'त्याचा डोळा चुकत नाहीये', तिच्या मनात आलं. पहिलं पातं फुटलं तेव्हापासून तिला हे माहीत होतं. दुसऱ्या वेळी तिनं ओठ चावले. पाचव्या वेळी ती विहिरीवर जाऊन उभी राहिली. नवव्या वेळी रात्रभर नवऱ्याच्या पाठीकडे बघत पडून राहिली. बोलायचं नव्हतं, कारण बोललं की पुढचा प्रश्न येणार होता. गेल्या हिवाळ्यात पलीकडच्या गावात एका माणसानं चाच्यांना तांदूळ विकला म्हणून त्याचं डोकं वेशीवर टांगलं होतं, आणि शेजारी त्याच्या वहिनीचं. तिनं फक्त तो तांदूळ पाखडला होता.

पण मामंजींचे ते उताणे हात तिला बघवेनात.

"तुमचा डोळा चुकत नाही," ती म्हणाली.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. धाकटी सून अशा बैठकीत बोलत नसे.

"जपानी लोहार पाणी द्यायच्या आधी पात्याला माती लावतात," सुलान म्हणाली. आवाज आपला आहे की नाही, तिलाच कळेना. "पाठीला जाड, धारेला अगदी पातळ. मग तापवतात. पाण्यात गेलं की धार एकदम गार होते, पाठ हळूहळू. म्हणून धार कडक होते आणि पाठ नरम राहते. म्हणून फुटत नाही. ती... ती वाकसुद्धा त्यानंच येते. हातोड्यानं नाही."

म्हाताऱ्यांच्या हातांची बोटं मिटली.

"हे तुला कोणी सांगितलं?" युंगछांगनं विचारलं.

"मी पाहिलंय."

"कुठे?"

सुलाननं आत्याबाईंकडे पाहिलं. आत्याबाई काठीच्या मुठीकडे बघत होत्या.

"चाच्यांच्या बेटावर. सोळा वर्षांची होते. आमचा कुंभारवाडा जाळला त्यांनी, आम्हा बारा जणींना होडीत घातलं. तीन वर्षं होते तिथे. तिथे एक जपानी लोहार होता, म्हातारा, डाव्या हाताला दोन बोटं नसलेला. तो त्यांची हत्यारं नीट करायचा. त्याला दळलेली माती लागायची आणि दुसऱ्या बायकांची माती खरखरीत यायची. मी म्हटलं, ही दोनदा गाळायला हवी. कुंभाराची मुलगी मी. त्यानं मला मातीवर ठेवून घेतलं. म्हणून मी वाचले. सरकारी गलबतांनी बेट जाळलं तेव्हा सुटले."

बाहेर कोंबडी कलकलली. 

"तू तर शाओशिंगला मावशीकडे होतीस," छुनमेई सावकाश म्हणाली. "आत्याबाईंनी स्थळ आणलं तेव्हा हेच सांगितलं होतं."

"मला काय ठाऊक?" आत्याबाई झटकन म्हणाल्या. "मला देवळात भेटली, वहाणा विणत बसली होती. हात चांगले दिसले. मला जे सांगितलं ते मी सांगितलं!"

हे खोटं होतं. त्या दिवशी देवळाच्या पायरीवर सुलाननं सगळं सांगितलं होतं आणि आत्याबाई म्हणाल्या होत्या, 'पोरी, हे आता विसर. मीही विसरते.' सुलाननं मान खाली घातली. म्हातारीवर तिला राग आला नाही. भीतीनं माणूस काय काय सोडून देतं, हे तिनं बेटावर पाहिलं होतं.

छुनमेई तिच्या अगदी जवळ आली. सहा वर्षं या दोघी एकमेकींच्या वेण्या घालत आल्या होत्या. छुनमेईचं माहेर त्याच चाच्यांनी जाळलं होतं. तिचा धाकटा भाऊ आखुन भाल्याचा दांडा धरून गावाच्या पुलावर उभा राहिला आणि दांड्यासकट गेला. त्याचं प्रेत दोन ठिकाणी सापडलं होतं. हे सांगताना छुनमेई दर वेळी सुलानचाच हात धरायची.

"तू त्यांचं अन्न खाल्लंस," ती म्हणाली. "आणि मी तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले."

"ताई—"

"ताई म्हणू नकोस. आणखी काय काय केलंस तिथे? नुसतीच माती दळलीस?"

"वहिनी!" युंगपिंग म्हणाला.

"विचारू दे तिला," युंगछांग म्हणाला आणि लगेच थांबला. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी पालटलं. आजवर तो या धाकट्या भावजयीशी 'पाणी दे', 'दार लाव' याखेरीज बोलला नव्हता. आता तो तिच्याकडे बुडता माणूस फळीकडे बघतो तसा बघत होता. "नाही. आधी हे सांग, तुला ती माती करता येईल? इथे? आज?"

"तुम्ही ऐकता आहात का?" छुनमेई नवऱ्यावर ओरडली. "ही चाच्यांच्या घरात राहिलीय! हिला घरात ठेवलं हे कळलं तर आपण सगळे—"

"नाही ठेवलं तरी आपण सगळेच!" युंगछांग ओरडला. "परवा!"

म्हाताऱ्यांनी हात वर केला. "मातीत काय काय असतं?" त्यांनी विचारलं. त्यांचा आवाज भट्टीवर असतो तसा कोरडा झाला होता.

"माती, कोळशाची पूड, धार लावायच्या दगडाची पूड. प्रमाण मला हातानं कळतं, बोलून सांगता येणार नाही."

आता सगळे युंगपिंगकडे बघू लागले. बायको त्याची होती. तिला घराबाहेर काढायचं म्हटलं असतं तर या घरात त्याला कोणी अडवलं नसतं. तो चौकटीपासून हलला नाही. सुलाननं रांजणाचा काठ धरला. बेटावरसुद्धा तिनं एवढी वाट कशाची पाहिली नव्हती.

"पाठीला किती जाड?" युंगपिंगनं विचारलं.

"काकडीच्या सालीएवढी," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला.

"आणि धारेला?"

"कांद्याच्या पापुद्र्याएवढी."

तो मान हलवून खोपटाकडे वळला. छुनमेई मात्र दुसऱ्या दाराकडे, रस्त्याच्या दाराकडे गेली. अडसर काढता काढता म्हणाली, "मी छावणीत जाते." युंगछांग धावला. "अंगाला हात लावू नका," ती इतक्या शांतपणे म्हणाली की तो जागीच थांबला. तिनं दार उघडलं. उंबरठ्यावर बसली. रस्त्याकडे तोंड, घराकडे पाठ.

त्या दिवशी दुपारभर सुलान माती दळत होती आणि तिथून तिला ती पाठ दिसत होती. पाठ उठली की सगळं संपलं. माती भिजवली, फडक्यातून एकदा गाळली, दुसऱ्यांदा गाळली, मान वर केली. पाठ होती. कोळसा कुटला. पाठ होती. एकदा मान वर केली तर उंबरठा रिकामा होता. सुलानच्या हातातून खल निसटला. छुनमेई फक्त विहिरीवर पाणी प्यायला गेली होती. परत येऊन ती तशीच बसली, रात्र झाली तरी उठली नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास त्यांनी खोपटाच्या खिडक्यांना चटया लावल्या. पोलादाचा रंग अंधारातच खरा दिसतो. आदल्या संध्याकाळी लावलेली माती वाळून घट्ट बसली होती. सुलाननं बांबूच्या पातीनं धारेकडची कड सारखी केली होती, तिला आठवत होती तशी, लाटेसारखी. म्हाताऱ्यांनी भट्टीच्या देवापुढे उदबत्ती लावली. युंगछांग भात्यावर. आत्याबाई बाहेर अंगणात जपमाळ ओढत होत्या आणि मधूनच "फुटलं का रे?" विचारत होत्या.

"फुटलं तर ऐकू येईल!" युंगछांग आतून ओरडला. "तुम्ही तोंड मिटा!"

युंगपिंग पातं आत-बाहेर करत होता. सुलान त्याच्या शेजारी उभी होती. रात्रभर तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता. आता त्यानं नजर न हलवता विचारलं, "तो लोहार पातं कोणत्या रंगाला काढायचा?"

"पिकलेल्या नारिंगी पर्सिमन फळापेक्षा थोडा गडद. पाणी कोमट. आणि श्वास सोडू नका."

पातं हौदात गेलं. पाणी किंचाळलं, वाफेनं खोपट भरून गेलं. सुलाननं डोळे मिटून घेतले. ती कानांनीच बघत होती. वाफेचा आवाज कमी होत गेला. बुडबुडे. बुडबुडे. टिण् आला नाही.

युंगपिंगनं पातं वर काढलं. माती पापुद्र्यांनी गळून पडत होती. घातलं तेव्हा सरळ होतं, आता त्याची पाठ मंद वाकली होती. म्हाताऱ्यांनी त्यावर नखानं टिचकी मारली. लांब, स्वच्छ आवाज आला आणि बराच वेळ टिकला. म्हातारे खाली बसले आणि त्यांनी तोंडावर दोन्ही हात घेतले.

दगडावर घासल्यावर धारेलगत पांढुरकी रेघ उमटली. लाटेसारखी. मेजावरच्या तलवारीत होती तशीच.

त्या रेघेकडे बघता बघता म्हाताऱ्यांचा चेहरा उतरला. "विचारतील," ते म्हणाले. "दोन महिने जमलं नाही आणि दोन दिवसांत कसं जमलं? कोणी शिकवलं? नायब लियाओ मूर्ख नाही."

सकाळचा सगळा आनंद तिथेच विरला. पेज वाडग्यांत तशीच गार होत होती.

"भट्टीचा देव स्वप्नात आला म्हणा," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या स्वप्नात आला म्हणा. म्हाताऱ्या बाईच्या स्वप्नाला कोणी चाबूक मारत नाही."

"देवाला जपानी विद्या कशी येते, असं विचारतील," युंगछांग म्हणाला. त्यानं मेजावरच्या तलवारीकडे बघितलं. "ही फोडून आत पाहिलं असतं, तर म्हणता आलं असतं की हिच्यातूनच शिकलो."

"फौजेची वस्तू आहे ती," म्हातारे म्हणाले. "हात लावायचा, मोडायची नाही, हे त्यांनी बजावलंय. मोडली तर फटके. माझ्या वयाला ते मरणच."

"मग काय सांगायचं?"

 ते तसेच बसले असताना गल्लीच्या टोकाला घोड्यांच्या टापा वाजल्या आणि 'बाजूला व्हा' अशी हाळी आली. नायब एक दिवस आधी आले होते. आत्याबाईंच्या हातातली माळ खाली पडली. युंगछांग उठला, बसला, पुन्हा उठला.

"सांगू की मला—" सुलान म्हणाली.  "मला द्या. मी जाते त्यांच्याबरोबर. मग बाकीच्यांना..."

"गप्प बस," युंगपिंग म्हणाला.

तेवढ्यात छुनमेई उंबरठ्यावरून उठून आत आली. कोणाकडे न बघता तिनं मेजावरचं निळं फडकं ओढलं, ती तलवार उचलली आणि थेट खोपटात गेली. कोणाला काही कळायच्या आत तिनं ती ऐरणीवर आडवी टाकली, टोक हवेत, आणि भिंतीशी ठेवलेला घण दोन्ही हातांनी उचलला. पहिल्या घावाला तलवार उडाली. तिनं पायानं दाबून धरली. दुसऱ्या घावाला पातं वाकलं. तिसऱ्या घावाला छुनमेईच्या तोंडातून असा आवाज निघाला की दारात पोचलेला युंगछांग मागे सरला, आणि टोकाकडचा वीतभर तुकडा खणखणत भिंतीशी जाऊन पडला.

ती धापा टाकत होती. "झालं," ती म्हणाली. "आता म्हणा फोडून पाहिली."

मग ती सुलानकडे वळली. "तुझ्यासाठी नाही केलं," ती म्हणाली. "या वस्तूवरची धूळ मी दोन महिने रोज झटकत होते. आखुनला अशाच एकीनं..." पुढे तिला बोलता येईना. तिनं घण टाकला.

नायब लियाओ आत आले तेव्हा सगळं घर गुडघ्यांवर होतं. सडपातळ, पन्नाशीचा माणूस, डाव्या कानाची पाळी नसलेला. बरोबर चार शिपाई. त्यांनी आधी पातं मागितलं. शिपायानं भाल्याचा दांडा आडवा धरला आणि नायबांनी एका हिसक्यात तो तोडला. पातं खांबाला टेकवून वाकवलं, सोडलं, ते पुन्हा होतं तसं झालं. त्यांनी धार डोळ्यासमोर धरून ती रेघ बराच वेळ पाहिली.

"उत्तम," ते म्हणाले. "आज पहाटे तीन होड्या दिसल्या आहेत, म्हणून लवकर आलो. आता माझी तलवार."

युंगछांगनं दोन तुकडे दोन्ही हातांवर पुढे धरले. तुकडे एकमेकांवर वाजत होते. "सरकार, मी फोडली. आत कशी आहे हे बघितल्याशिवाय जमत नव्हतं. बाबांना ठाऊक नव्हतं. कोणालाच ठाऊक नव्हतं."

नायबांनी लहान तुकडा घेतला, उजेडात धरला, फुटलेल्या कडेवर अंगठा फिरवला. मग खाली वाकून ऐरणीजवळची सुकलेली मातीची खपली उचलली.

"फोडल्यावर पोलाद दिसतं," ते म्हणाले. "कडक कुठे, नरम कुठे, एवढं कळतं. पण माती? माती पाण्यातच गळून जाते. तुकड्यात माती कुठे वाचलीस?"

युंगछांगचं तोंड उघडं राहिलं.  नायबांची नजर एकेका माणसावरून सरकत होती. म्हातारे. युंगपिंग. आत्याबाई. मग ती बायकांच्या हातांवर थांबली. सुलानच्या नखांत राखाडी माती होती. तिनं बोटं मिटली, आणि मिटता मिटताच तिला कळलं की मिटायला नको होती.

"माती कोण मळतं?"

एका शिपायानं पायाचा भार बदलला.

"मी घरातल्या बायकांना विचारतोय. माती कोण मळतं?"

"आम्ही दोघी, सरकार," छुनमेई म्हणाली. तिचं कपाळ जमिनीला टेकलेलं होतं. "मी आणि माझी जाऊ. चुली लिंपतो, भट्टी लिंपतो. आमच्या सासऱ्यांनी सांगितलं, आम्ही मळली."

नायब लियाओ बराच वेळ तिच्या मानेकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं. काय कळलं होतं ते सगळं नाही, पण पुरेसं. सुलाननं ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. हेही पाहिलं की त्यांच्या हातात ते नवं पातं अजून होतं आणि ते त्यांना हातचं जाऊ द्यायचं नव्हतं.

"ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "जी माहिती मी विचारत नाही, ती मला सांगू नका. कोणालाच सांगू नका. पाचव्या महिन्यापर्यंत अशी चाळीस पाती. पोलाद छावणीतून येईल. दारावर माझी दोन माणसं राहतील. आणि माती मळणाऱ्या या दोघी उंबरठा ओलांडणार नाहीत. पाण्यालासुद्धा नाही. चाच्यांच्या हाती अशी माणसं लागलेली मला चालणार नाहीत." ते दाराकडे वळले. "आणि फौजेची तलवार मोडल्याबद्दल याला वीस."

ते वीस तिथेच, अंगणात झाले. बांबूचे फटके. युंगछांग, जो बोट कापलं तरी गल्ली डोक्यावर घ्यायचा, त्यानं पहिले सहा फटके दात ओठात रोवून काढले. मग ओरडला. म्हातारे पूर्वजांच्या पाट्यांसमोर उभे होते, पाठ फिरवून. आत्याबाईंनी सुलानचं मनगट धरलं होतं, इतकं घट्ट की नंतर तिथे चार बोटं उमटली. "मला माफ कर, पोरी," ती म्हातारी प्रत्येक फटक्याला पुटपुटत होती. "मला सगळं ठाऊक होतं. मला माफ कर."  सुलानचं लक्ष छुनमेईकडे होतं. छुनमेई नवऱ्यासमोर, त्याला दिसेल अशी गुडघ्यावर बसली होती आणि तिची नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

टापा दूर गेल्या. मागे दोन शिपाई राहिले. त्यांनी दाराशी बाकडं ओढलं आणि भोपळ्याच्या बिया फोडत बसले. थोड्या वेळानं त्यातल्या एकानं आत डोकं घालून गरम पाणी मागितलं, शेजाऱ्यानं मागावं तसं. मग बाहेरून दार ओढून घेतलं. दाराला बाहेरची कडी आहे हे सुलान विसरूनच गेली होती.

ती कडी लागली. सुलान अंगणात तिथेच खाली बसली. युंगपिंग तिच्याजवळ आला. तिला वाटलं, आता तो विचारेल.  तो नुसता शेजारी बसला. खांदा टेकवला नाही, पण दूरही सरकला नाही.

"मी आज सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"आज नको सांगूस," तो म्हणाला. "मला आज ऐकताही येणार नाही."

युंगछांगच्या पाठीला पाला बांधून छुनमेई दुपारी खोपटात आली. सुलान नव्या मातीत पाणी घालत होती. छुनमेईनं बाह्या दुमडल्या आणि समोर बसली.

"बोलू नकोस माझ्याशी," ती म्हणाली. "शिकव. मी 'आम्ही दोघी' म्हणाले आहे. उद्या त्यांनी माझ्यासमोर परात ठेवली तर मला यायला हवं."

सुलाननं तिचे हात मातीत घातले. दाखवलं, तळव्यानं नाही, बोटांच्या पेरांनी. खडा लागला की थांबायचं. छुनमेईनं तसं केलं. दोघींची बोटं मातीखाली एकमेकींना लागत होती. बाहेर बिया फुटत होत्या.

बऱ्याच वेळानं छुनमेई मान वर न करता म्हणाली, "तो दोन बोटं नसलेला. तो हत्यारं नीट करून द्यायचा ना?"

"हो."

"आखुन गेला त्या वर्षी तू तिथेच होतीस."

 "होते."

"मग ज्या तलवारीनं तो गेला, तिच्यावर तू मळलेली माती लागली असेल?"

खोटं बोलणं सोपं होतं. बेटावर पुष्कळ लोहार होते, असं म्हणता आलं असतं. सुलाननं परातीकडे पाहिलं, मग त्या चेहऱ्याकडे, जो काल सकाळपर्यंत तिचा सगळ्यात जवळचा होता.

"असेल," ती म्हणाली.

छुनमेईचे हात थांबले. मातीखाली ते गार, जड, मेल्यासारखे पडून राहिले. सुलान वाट बघत होती. उठेल, दारावर थाप मारेल, शिपायांना हाक मारेल. यातलं काहीही झालं असतं तरी तिनं अडवलं नसतं.

मग पेरं हळूहळू हलू लागली.

"पाणी घाल," छुनमेई म्हणाली. "कोरडी पडतेय."